जीवशास्त्राचा अभ्यासक्रम आणि जव्हारचे पंचांग

नव्या शैक्षणिक धोरणाला अनुसरून महाराष्ट्रातील शालेय पाठ्यपुस्तके टप्प्याटप्प्याने बदलत आहेत. राष्ट्रीय धोरण २०२० साली आले. त्यावर आधारलेला शालेय अभ्यासक्रमाचा राष्ट्रीय आराखडा २०२३ साली प्रसिद्ध झाला आणि त्यामागोमाग २०२४ साली राज्याचा आराखडा पुढे आला. पहिलीपासून तिसरी भाषा असावी की नसावी, या एका प्रश्नावरून २०२५ साली जे वादळ उठले ते वाचकांच्या स्मरणात असेलच. त्या वादाचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु सहावी ते आठवी या तीन इयत्तांत विज्ञान, आणि त्यातही जीवशास्त्र, कोणत्या क्रमाने, कोणत्या ऋतूत आणि कोणत्या हेतूने शिकवावे, याची चर्चा शिक्षकांच्या खोलीबाहेर फारशी झाली नाही. जव्हार-मोखाड्यासारख्या भागात या प्रश्नाचे उत्तर मुलांच्या प्रकृतीशी, किंबहुना त्यांच्या जगण्याशी निगडित आहे. म्हणून तो येथे मांडावयाचा आहे.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाने जीवशास्त्राच्या अभ्यासक्रमाविषयी लिहावे, हा काहींना अव्यापारेषु व्यापार वाटेल. त्यावर एवढेच म्हणता येईल की, नियोजन म्हणजे अपुरी साधने अनेक गरजांमध्ये वाटण्याची रीत होय, आणि हा विषय अर्थशास्त्राचाच आहे. शाळेतील सर्वांत अपुरे साधन कोणते, तर ते खडू, फळा किंवा सूक्ष्मदर्शक नव्हे. ते आहे वेळ. त्या वेळेचा हिशेब मांडल्याशिवाय अभ्यासक्रमाची कोणतीही योजना म्हणजे जमेची बाजू न पाहता केलेल्या खर्चाची यादी ठरते.

एकशे ऐंशी तासिकांचे अंदाजपत्रक

शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० कामाचे दिवस आणि १००० अध्यापनाचे तास ठरवून दिले आहेत. विज्ञानाच्या वाट्याला आठवड्यास सहा तासिका आणि वर्षाला छत्तीस आठवडे येतात असे धरले, तर विज्ञानाच्या २१६ तासिका होतात. पदार्थविज्ञान, रसायन आणि जीवशास्त्र यांत त्या सारख्या वाटल्या तर जीवशास्त्राला ७२ उरतात. परीक्षा, क्रीडास्पर्धा, सर्वेक्षणे, निवडणुकीची कामे आणि अतिवृष्टीच्या सुट्ट्या वजा जाता त्यांपैकी ६० हाती लागल्या तरी पुष्कळ झाले. तीन वर्षांच्या मिळून १८० तासिका, म्हणजे चाळीस मिनिटांच्या हिशेबाने सुमारे १२० तास.

या आकड्यांत कोणी शाळा-शाळांगणिक थोडी उणी-अधिक करील. मूळ मुद्दा त्याने बदलत नाही. आठवीपर्यंतचे शिक्षण हा मुलाचा कायदेशीर हक्क आहे. त्यापुढचे शिक्षण डोंगरातील पाड्यांवर बहुधा ऐपतीची आणि अंतराची बाब ठरते. जी मुलगी आठवीनंतर शाळा सोडते, तिच्या उभ्या आयुष्यात शरीर, अन्न, रोग, गर्भारपण आणि शेती यांविषयी कोणी पद्धतशीरपणे, कारणे देऊन बोलण्याची संधी एवढीच असते. काही वर्षांनी तीच मुलगी आई होणार असते. सजीवांच्या वर्गीकरणाचे तक्ते पाठ करण्यात दहा तासिका गेल्या, तर त्या दहा तासिकांत दुसरे काय शिकवता आले असते, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. अर्थशास्त्रात यालाच वैकल्पिक खर्च म्हणतात. वर्गीकरण शिकवू नये असा याचा अर्थ नव्हे. प्रत्येक घटकाने आपली किंमत सिद्ध करावी, एवढाच त्याचा अर्थ.

जव्हारच्या संदर्भात ही किंमत केवढी आहे, हे नव्याने सांगावयास नको. १९९२-९३ च्या सुमारास वावर-वांगणीच्या परिसरातील बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. त्यानंतर योजना आल्या, अंगणवाड्या वाढल्या, २०१४ साली ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, गरोदर व स्तनदा मातांसाठी अमृत आहार योजना सुरू झाली. तरीही कुपोषणाचे वृत्त येथून येणे थांबलेले नाही. साऱ्या राज्याचेच चित्र असे आहे की, २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली आणि १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. या आकड्यांमागे दारिद्र्य आहे, रोजगाराचा अभाव आहे, आरोग्यसेवेची उणीव आहे. शाळेतील एका विषयाने ते पालटतील असे कोणी शहाणा मनुष्य म्हणणार नाही. पण ज्या विषयाचा या साऱ्याशी सर्वांत निकटचा संबंध, तोच विषय त्याकडे पाठ फिरवून शिकवला जात असेल, तर ते नियोजन नव्हे.

पाऊस, दिवाळी आणि वीटभट्टी

समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवरचे हे पठार. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि एप्रिल-मे महिन्यांत त्याच पाड्यांवर हंडाभर पाण्यासाठी पायपीट चालते. जूनच्या मध्यास पाऊस स्थिरावतो आणि त्याच सुमारास शाळा उघडतात. राबात नागली, वरई आणि भाताची रोपे उगवतात; जुलैत लावणी होते; दसरा-दिवाळीच्या सुमारास कापणी, झोडणी. त्यानंतर अनेक कुटुंबे वसई, भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर किंवा बांधकामांवर निघून जातात. कोणी होळीला परततात, कोणी थेट पावसाच्या तोंडावर. जी मुले आश्रमशाळांच्या वसतिगृहात राहतात ती टिकतात. जी पाड्यावरच्या शाळेत जातात, त्यांतील कित्येक आईबापांबरोबर भट्टीवर जातात. तेथे धाकट्या भावंडांना सांभाळणे हीच त्यांची शाळा होते.

याचा अभ्यासक्रमाच्या दृष्टीने अर्थ काय? जीवशास्त्राची येथील प्रयोगशाळा जून ते ऑक्टोबर या पाच महिन्यांत पूर्ण भरलेली असते. अंकुरणारे बी, फुटणारी पालवी, बेडकांची अंडी, खेकडे, बुरशी, कीड असे सारे विनामूल्य हजर असते. आणि योगायोगाने विद्यार्थीही याच पाच महिन्यांत सर्वांत अधिक संख्येने हजर असतात. म्हणून ६० पैकी किमान ३५ ते ४० तासिका दिवाळीपूर्वी जीवशास्त्राला मिळाल्या पाहिजेत. भौतिक आणि रसायन या शाखांना पावसाची गरज नाही. चुंबक, आरसा आणि आम्ल-आम्लारी जानेवारीतही तेवढेच गुण दाखवतात. पाठ्यपुस्तकात पाठ कोणत्या क्रमाने छापले आहेत, ही छपाईची सोय आहे; शिकवण्याचा क्रम शिक्षकाच्या वार्षिक नियोजनात ठरतो. आज ते नियोजन बहुधा पुस्तकाच्या अनुक्रमणिकेवरून उतरवले जाते. ते पावसावरून आणि हजेरीपटावरून उतरवावे, ही या लेखाची पहिली सूचना.

दुसरी सूचना तिच्यातूनच निघते. जे चुकून चालणार नाही, ते दिवाळीच्या आत संपवले पाहिजे. एखादा मुलगा भट्टीवर गेल्यामुळे परिसंस्थेच्या आकृत्या शिकावयाचा राहिला, तर ते पुढे भरून काढता येते. परंतु हगवण लागलेल्या बाळाला मीठ-साखरेचे पाणी का द्यावयाचे, हे त्याला कळले नाही, तर भट्टीवरच्या झोपडीत, दवाखान्यापासून दूर, त्या अज्ञानाची किंमत त्याच्या धाकट्या बहिणीला मोजावी लागेल.

तीन वर्षांचे तीन प्रश्न

या चौकटीत शिकवावे काय? तीन इयत्तांना तीन प्रश्न वाटून देता येतील: आपण काय खातो, आपण आजारी का पडतो, आणि आपल्यानंतर काय उरते. पाठ्यपुस्तकातील पोषण, पेशी, सूक्ष्मजीव, आनुवंशिकता, परिसंस्था हे सर्व घटक या तीन प्रश्नांखाली बसतात. एकही गाळावा लागत नाही.

सहावीचा प्रश्न अन्नाचा. सुरुवात नागलीपासून करावी. हे धान्य मूळचे आफ्रिकेतील उंच प्रदेशातले. हजारो वर्षांपूर्वी ते भारतात आले आणि सह्याद्रीच्या उतारावर रुजले. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे ३४४ मिलिग्रॅम चुना, म्हणजे कॅल्शियम असते; तेवढ्याच पांढऱ्या तांदळात ते जेमतेम १० मिलिग्रॅम भरते. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, आणि शहरांतील दुकानांत नाचणीच्या बिस्किटांना मोल आले. जव्हारच्या मुलाला मात्र घरची काळी भाकर डब्यात आणण्याचा संकोच वाटतो. हा संकोच दूर करण्यासाठी भाषण नको. दोन धान्यांच्या आकड्यांचा एक तक्ता पुरे.

त्याच वर्षी राबाचा प्रयोग घ्यावा. पावसाळ्यापूर्वी पाला, शेण, गवत पसरून जमीन भाजण्याची ही रीत प्रत्येक मुलाने पाहिलेली असते. घरच्या राबातील मूठभर माती एका डब्यात आणि बांधापलीकडची न भाजलेली माती दुसऱ्या डब्यात घ्यावी, दोन्हींना सारखे पाणी घालावे आणि पंधरा दिवसांत कोणत्या डब्यात किती तण उगवले ते मोजावे. एक गोष्ट बदलावयाची आणि बाकी साऱ्या तशाच ठेवावयाच्या, हे विज्ञानाचे मूळ तत्त्व याहून स्वस्तात शिकवता येणार नाही. पाला जाळल्याने जंगलाचे आणि मातीचे काय होते, हा पुढचा प्रश्न मुले स्वतःच विचारतील.

अन्नाचा तिसरा पाठ ताटाचा आहे. शालेय पोषण आहाराच्या नियमानुसार सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल यांतून ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावयास हवीत. दीडशे ग्रॅम तांदळातून साधारण ११ ग्रॅम प्रथिने येतात आणि ३० ग्रॅम डाळीतून सुमारे ७. म्हणजे आमटी पातळ झाली की नियमातील वीस ग्रॅम कोठून कमी होतात, हे मुलाला स्वतःच्या पेन्सिलीने काढता येते. गणित, जीवशास्त्र आणि नागरिकशास्त्र या तिन्हींचा हा एकच धडा आहे. काही अधिकाऱ्यांना तो गैरसोयीचा वाटेल. पण गैरसोय हा काही अभ्यासक्रमातून वगळण्याचा निकष नव्हे.

सातवीचा प्रश्न शरीराचा आणि आजाराचा. शाळेत दर आठवड्याला लोह आणि फॉलिक ॲसिडची निळी गोळी दिली जाते, आणि १० फेब्रुवारी व १० ऑगस्टच्या सुमारास जंतनाशक गोळी. मुले त्या गिळतात, किंवा गिळल्याचे दाखवून खिशात टाकतात. रक्तातील तांबड्या पेशी काय वाहून नेतात, आतड्यातील अंकुशकृमी रक्त कसे शोषतो, अनवाणी पायाच्या त्वचेतून त्याची अळी शरीरात कशी शिरते, गोळीनंतर लगेच चहा का पिऊ नये आणि आवळा-लिंबू का खावे, हे ज्या महिन्यात गोळी मिळते त्याच महिन्यात शिकवले, तर रक्ताभिसरणाचा पाठ परीक्षेपुरता उरत नाही. आरोग्य खाते आणि शिक्षण खाते एकाच मुलाच्या हातावर गोळी आणि पुस्तक ठेवतात; त्या दोहोंची गाठ घालून देण्याचे काम जीवशास्त्राच्या तासिकेचे आहे.

याच वर्षी एक प्रयोग असा आहे की, तो या भागातील प्रत्येक शाळेत झाला पाहिजे. लहान बाळाचे पोट लहान. नागलीची पेज घट्ट केली तर ते गिळू शकत नाही. पातळ केली तर पोट पाण्याने भरते आणि उष्मांक मिळत नाहीत. कुपोषणाचे हे एक साधे, यांत्रिक कारण आहे. धान्याला मोड आणून, वाळवून, दळले की, त्यात पिष्टाचे विघटन करणारे विकर तयार झालेले असते. घट्ट शिजवलेली पेज किंचित निवू द्यावी, मग त्यात असे चमचाभर पीठ घालून ढवळावे, आणि काही मिनिटांत ती पातळ होते. अन्न तेवढेच राहते, फक्त ते बाळाच्या घशाखाली उतरण्याजोगे होते. मग ती पुन्हा एक उकळी देऊन भरवावी. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात अशा पिठावर संशोधन केले. आणि नागलीच्या सत्त्वाच्या रूपाने आपल्या आज्यांना त्याचा व्यवहार पूर्वीपासून ठाऊक होता. विकर म्हणजे काय, याची व्याख्या पाठ करणाऱ्या मुलीने ही वाटी एकदा हाताने ढवळली, तर ती व्याख्या तिच्या घरात उपयोगी पडेल.

आठवीचा प्रश्न पुढच्या पिढीचा आणि परिसराचा. सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पालघरसह राज्याच्या आदिवासी पट्ट्यात आढळतो. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीच्या परिसरात झाली. २०४७ पर्यंत त्याचे निर्मूलन करण्याची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली आहे. तपासण्या होतात, कार्डे वाटली जातात. पण वाहक म्हणजे रोगी नव्हे, आणि दोघे वाहक विवाहबद्ध झाले तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, हे त्या कार्डावरून कळत नाही. दोन पिशव्या घ्याव्यात, प्रत्येकीत एक काळा आणि एक पांढरा खडा टाकावा, दोहोंतून न पाहता एकेक खडा काढावा, आणि असे शंभर वेळा करून नोंद ठेवावी. दोन्ही खडे काळे सुमारे पंचवीस वेळा येतात. मेंडेलचा नियम असा हाताने शिकता येतो. अर्थात, वर्गातील कोणाचे कार्ड कसे आहे, याचा उच्चार शिक्षकाने कदापि करू नये; या विषयात एका निष्काळजी वाक्याने एखाद्या मुलीचे लग्न आणि तिच्या घराची अब्रू धोक्यात येऊ शकते.

परिसंस्थेसाठी वलगणीच्या माशांसारखे उदाहरण नाही. पहिल्या पावसात मासे ओढ्यातून, खाचरांतून वर चढतात ते अंडी घालण्यासाठी. त्याच वेळी सर्वांत सोपी मासेमारी होते. सगळेच धरले तर पुढच्या वर्षी काय, या प्रश्नात प्रजनन, अन्नसाखळी आणि सामाईक मालमत्तेचे अर्थशास्त्र एकत्र येते.

परिसर हा पुरावा, प्रमाण नव्हे

येथे एक धोका नमूद केला पाहिजे. परिसरातून शिकवावे असे म्हणताना अनेकदा परिसराचे गोडवे गायले जातात. आदिवासींना निसर्गाचे सारे ज्ञान आहे, त्यांना शाळा काय शिकवणार, हा सूर ऐकावयास उदात्त वाटतो. पण त्याचा शेवट शाळेची जबाबदारी झटकण्यात होतो.

वस्तुतः परिसरातील ज्ञान दोन्ही प्रकारचे आहे. कडूकंद चिरून, उकडून, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवल्याशिवाय खाऊ नये, ही माहिती पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवातून आली आहे आणि ती खरी आहे. कंदातील कडू, विषारी द्रव्ये त्याने निघून जातात. पावसाच्या तोंडावर उगवणारे शेवळ घशाला खाजते, म्हणून त्यात काकडाची आंबट फळे घालतात. खाजेचे कारण त्यातील कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक होत. परंतु नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे चावल्यावर भगताकडे घालवलेला एक तास हाही त्याच परिसराचा भाग आहे, आणि तो प्राणघातक आहे. सर्पविषावर प्रतिविष हाच उपाय. विंचूदंशावरील उपचारांत महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेले काम तर जगाने मान्य केलेले. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी राहून, रोग्यांची नेटाने नोंद ठेवून ते झाले, हेही मुलांना सांगण्याजोगे आहे. कंदाचे खरे का आणि मंत्राचे खोटे का, हे ज्या कसोटीवर ठरते ती कसोटी शिकवणे, हेच विज्ञानशिक्षण होय. घरचे ज्ञान वर्गात यावे ते पुरावा म्हणून. आणि पुस्तकाचे ज्ञानही त्याच रांगेत उभे राहावे.

भाषेचाही प्रश्न आहे. वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी अशा वेगवेगळ्या समाजांतील मुले एका वर्गात बसतात आणि शिक्षक पुष्कळदा घाटावरून बदलून आलेले असतात. मूल ज्या नावाने झाड ओळखते ते नाव आधी फळ्यावर यावे, त्याखाली मराठी नाव, आणि आठवीपर्यंत शास्त्रीय नावाची ओळख. तीन वर्षांत अशा दोनशे नावांची वही एका शाळेत सहज तयार होते, आणि नव्या शिक्षकाला ती कोणत्याही प्रशिक्षणाहून अधिक उपयोगी पडते.

पूर्वसूरी आणि त्यांचे धडे

हे सारे नवे आहे असे नव्हे. याच जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालवाडीच्या कामास प्रारंभ केला आणि १९५७ साली ते कार्य कोसबादच्या टेकडीवर नेले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच कुरणात नेण्याची त्यांची कुरणशाळा ही कल्पना आजही अभ्यासण्यासारखी आहे. मुलाचा दिवस कसा जातो ते आधी पाहावयाचे आणि मग वेळापत्रक आखावयाचे, हा तिचा गाभा. मुंबईत १९७४ साली स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात ग्रामीण शाळांतील विज्ञानाचे काम त्याच दशकात हाती घेतले होते.

आणि इयत्तांच्या दृष्टीने सर्वांत जवळचे उदाहरण मध्य प्रदेशातील होशंगाबादचे. १९७२ साली किशोर भारती आणि रसूलिया येथील मित्रमंडळ केंद्र या संस्थांनी सोळा माध्यमिक शाळांत सहावी ते आठवीचे विज्ञान प्रयोगांतून शिकवण्यास आरंभ केला. १९७८ साली तो कार्यक्रम साऱ्या जिल्ह्यात गेला. १९८२ पासून एकलव्य या संस्थेने तो सांभाळला. शिक्षकांची उन्हाळी शिबिरे, दरमहा बैठका, प्रयोगसाहित्याची पेटी आणि पुस्तक उघडून लिहिण्याची परीक्षा ही त्याची अंगे होती. तीस वर्षांनंतर, २००२ साली, शासनाच्या एका निर्णयाने तो बंद पडला.

होशंगाबादपासून घ्यावयाचे धडे दोन. पहिला असा की, परीक्षा बदलल्याखेरीज अध्यापन बदलत नाही. तेथे ती बदलली होती, म्हणूनच काम टिकले. दुसरा असा की, जे काम शासकीय व्यवस्थेत अपवाद म्हणून राहते, ते अपवाद म्हणूनच संपवले जाते. जव्हारने म्हणून वेगळे पुस्तक मागू नये. राज्याचे पुस्तक तेच ठेवावे. त्याचा क्रम, त्यातील उदाहरणे आणि तासिकांची वाटणी बदलण्याचा अधिकार मागावा.

एका रास्त आक्षेपाचे उत्तर

या विचारावर सर्वांत गंभीर आक्षेप पालक घेतात, आणि तो आदरपूर्वक ऐकला पाहिजे. आमच्या मुलाला नागली आणि खेकडे आम्हीच शिकवू शकतो. शाळेने त्याला ते शिकवावे ज्याच्या बळावर तो परिचारिका, तलाठी किंवा डॉक्टर होईल. शहरातल्या मुलाला पेशी आणि आमच्या मुलाला राब, ही वाटणी कशासाठी?

हा प्रश्न विचारणारा पालक अडाणी नव्हे. त्याने शिक्षणाचा बाजारभाव नेमका ओळखला आहे. म्हणूनच वर सुचवलेल्या नियोजनात पेशी, विकर, आनुवंशिकता यांपैकी काहीही कमी केलेले नाही. राब हे शेवटचे स्थानक नव्हे. तेथून गाडी सुटते. रक्तपेशीपर्यंत निळ्या गोळीवरून जाता येते आणि परीक्षेत उत्तर रक्तपेशीचेच लिहावयाचे असते. पेशी प्रत्यक्ष पाहण्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागते, हे कारणही आता पुरेसे उरलेले नाही. मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली मांडलेला कागदी सूक्ष्मदर्शक अल्प खर्चात कांद्याच्या पातीतील पेशी दाखवतो. जो मुलगा समजून शिकला तो पुढच्या परीक्षेत मागे पडतो, ही भीती अनाठायी आहे. मागे पडतो तो, ज्याला शब्द पाठ आहेत आणि वस्तू ठाऊक नाही.

आज काय करता येईल

सूचना मोठ्या नाहीत. जव्हारच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या आश्रमशाळांनी आणि जव्हार-मोखाड्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांनी मे महिन्यात एकत्र बसून जीवशास्त्राचे वार्षिक नियोजन पावसाच्या क्रमाने आखावे. प्रथम सत्राच्या परीक्षेचे घटक त्या क्रमाप्रमाणे ठरवण्याची मुभा शिक्षणाधिकाऱ्यांनी लेखी द्यावी. तोंडी मुभा बदलीबरोबर नाहीशी होते. प्रत्येक केंद्रात दरमहा एक बैठक केवळ प्रयोगांसाठी असावी. मीठ-साखरेचे पाणी, सर्पदंश, रक्तक्षय, बाळाचा आहार आणि जंत या पाच घटकांना दिवाळीपूर्वीची मुदत घालावी. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची जी योजना आहे, त्या कार्डाबरोबर या पाच घटकांची चार पानी पुस्तिका द्यावी. ती भट्टीवर आईलाही वाचून दाखवता येईल. आणि स्थानिक महाविद्यालयांनी, ज्यात प्रस्तुत लेखकासारखे अध्यापक मोडतात, आपले विद्यार्थी या नोंदी आणि नामावल्या तयार करण्याच्या कामी द्यावेत.

यांपैकी कशालाही नव्या अनुदानाची गरज नाही. पैशाअभावी अडते असे म्हणण्याची आपल्या व्यवस्थेची सवय जुनी आहे, आणि पुष्कळदा ते खरेही असते. येथे मात्र अडते ते अनुक्रमणिकेपाशी. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा सहावीच्या वर्गात बसणाऱ्या मुलीपाशी जीवशास्त्राच्या १८० तासिका असतील. त्या कशा खर्च होतात, याचा जाब ती आज विचारणार नाही. तिचे बाळ पेज गिळेनासे होईल तेव्हा तो प्रश्न उभा राहील, आणि त्या वेळी उत्तर द्यावयास शिक्षक, अधिकारी किंवा लेख लिहिणारे अध्यापक यांपैकी कोणीही तिच्या घरात नसेल. म्हणून उत्तराची तयारी आताच, नियोजनाच्या कोऱ्या कागदावर, करावयास हवी.